मलिक अंबर

सोळाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिका खंडातील हबसाण देशात, ज्यास आज इथिओपिया म्हणतात, तेथे एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे करीत, मालकामागून मालक बदलत, तो अखेर समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला. बगदादच्या मालकाने त्याला लिहिणे, वाचणे आणि हिशेब ठेवणे शिकविले व त्याचे नाव अंबर ठेवले. दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगीझखान याने. चंगीझखान स्वतःही हबशी होता. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्यकारभार आणि युद्धकला या दोहोंचे धडे घेतले. धनी वारल्यावर तो मुक्त झाला आणि स्वतःच्या तलवारीवर उपजीविका करू लागला.

इ. स. १६०० मध्ये निजामशाहीवर मोठे संकट कोसळले. शूर चांदबिबीचा अंत झाला आणि मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. राजधानी गेली, खजिना गेला, राजा कैदेत पडला. राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. परंतु अंबरने धीर सोडला नाही. पांगलेले हबशी, दख्खनी आणि मराठे शिपाई त्याने एकत्र केले, राजघराण्यातील एका तरुणास परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने झुंज चालू ठेवली. हाच दुसरा मुर्तझा निजामशहा होय.

मोगलांचे बळ अफाट होते. त्यांच्यापाशी मोठमोठ्या तोफा, हत्ती आणि अगणित घोडदळ होते. मोकळ्या मैदानात त्यांच्याशी समोरासमोर लढणे म्हणजे आपण होऊन नाश ओढवून घेणे, हे अंबरने ओळखले. त्याने मराठ्यांची चपळ घोडदळे हाताशी धरली. शत्रू पुढे आला की मागे हटावे, तो थांबला की त्याची रसद तोडावी, तो निजला की त्याच्या छावणीवर घाला घालावा, ही त्याची रीत होती. यालाच गनिमी कावा म्हणतात. या युद्धतंत्राच्या बळावर १६१० मध्ये त्याने अहमदनगरचा किल्लाही परत मिळविला. त्याच सुमारास दौलताबादेजवळ खडकी नावाचे नवे शहर त्याने वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर.

ही बातमी ऐकून बादशहा जहांगीर संतप्त झाला. १६११-१२ साली त्याने अंबरचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी एक मोठी मोहीम आखली. दोन सैन्ये दोन दिशांनी येणार होती. अब्दुल्लाखान गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने दौलताबादेवर चालून येणार होता, तर खानजहान लोदी आणि राजा मानसिंग हे वऱ्हाड-खानदेशाकडून उतरणार होते. दोघांनी एकमेकांची खबर ठेवावी, ठरल्या वेळी एकत्र यावे आणि अंबरला मध्ये कोंडून चिरडावे, असा बेत होता.

बेत कागदावर उत्तम होता, पण तो पार पाडणारी मने एक नव्हती. विजयाचे सारे श्रेय आपल्यालाच मिळावे या हव्यासाने अब्दुल्लाखान दुसऱ्या सैन्याची वाट न पाहता एकटाच घाट ओलांडून पुढे धावला. अंबरला हेच हवे होते. त्याने खानाला अडविले नाही. खुशाल आत येऊ दिले. मग मराठ्यांच्या टोळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी घिरट्या घालू लागल्या. मागे पडलेले सामान लुटले जाऊ लागले. रात्र झाली की बाणांचा अग्निवर्षाव सुरू होई आणि छावणीत कोणालाही डोळा लावता येत नसे. खान जसजसा दौलताबादेजवळ आला, तसतसा शत्रूचा जोर वाढत गेला. दुसऱ्या सैन्याचा मात्र कोठे पत्ता नव्हता. शेवटी निरुपाय होऊन खान माघारी फिरला. अंबरच्या स्वारांनी बागलाणच्या सीमेपर्यंत त्याचा पाठलाग केला. त्यात मोगलांचे कित्येक नामांकित सरदार कामास आले. ही वार्ता कळताच दुसरे सैन्यही न लढता परतले.

एवढी मोठी मोहीम का फसली? शिपाई भित्रे होते म्हणून नव्हे. सेनापतींत मेळ नव्हता, अनोळखी मुलखाची माहिती नव्हती आणि रसदेची तजवीज नव्हती, म्हणून ती फसली. उलट अंबरच्या माणसांना प्रत्येक घाट, प्रत्येक ओढा परिचित होता आणि ती आपल्या भूमीसाठी लढत होती.

तथापि अंबर अजिंक्य होता असे मात्र नाही. ज्या जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, कुंभार पिंपळगावच्या बाजूला, गोदावरी वाहते, त्याच जिल्ह्यातील रोषणगाव येथे १६१६ मध्ये त्याचा मोठा पराभव झाला. त्याचे काही सरदार फितूर होऊन मोगलांना मिळाले होते. घरातच फूट पडली की सर्वांत कुशल सेनापतीही हतबल होतो, हे त्या दिवशी दिसून आले. मोगलांनी खडकी शहर उद्ध्वस्त केले. अंबरने ते पुन्हा उभारले आणि पुन्हा सैन्य जमविले.

वार्धक्यातही त्याची बुद्धी मंदावली नव्हती. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळील भातवडी येथे अंबरने तलावाचा बांध फोडला. जिकडे तिकडे पाणी व चिखल झाला. शत्रूचे घोडे, तोफा, गाड्या जागच्या जागी रुतल्या. अन्नधान्य संपत आले. अशा वेळी अंबरने अचानक हल्ला चढविला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद ठार झाला आणि मोगल सरदार लष्करखान कैद झाला. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी मोठा पराक्रम गाजविला. त्यांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले.

अंबर केवळ योद्धा नव्हता. त्याने जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याची पद्धत घातली आणि रयतेवरील जुलूम कमी केला. खडकीसाठी त्याने जमिनीखालून नहर खोदून पाणी आणले. रयत सुखी असल्यामुळेच संकटकाळी ती त्याच्या पाठीशी उभी राहिली.

जहांगीरला अंबरचा इतका राग होता, की अंबरच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. पण ते मस्तक चित्राबाहेर त्याच्या हाती कधीच आले नाही. १६२६ मध्ये, सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन, मलिक अंबर आपल्याच भूमीत शांतपणे मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याच्यामागे निजामशाही दहा वर्षांत लयाला गेली. परंतु अल्प सैन्यानिशी प्रबळ शत्रूला जेरीस आणता येते, हा त्याने घालून दिलेला धडा सह्याद्रीच्या मुलखाने विसरला नाही. पुढे शिवाजीमहाराजांनी त्याच युद्धतंत्राला स्वराज्याच्या ध्येयाची जोड दिली.