लेडी कर्झन यांचा मोरपंखी झगा

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून खंडेराव महाराजांच्या मोत्यांच्या गालिच्याची गोष्ट मुलाबाळांना सांगितली जात आली आहे. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी महाराजांनी तो करविला, असे सांगतात. पण १८७० साली महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यासच राहिला. १९०२ च्या डिसेंबरअखेरीस दिल्लीत भारतीय कलांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात तो मांडला होता. त्याच दिवसांत, त्याच शहरात, सुईच्या कामाचा आणखी एक अजोड नमुना लोकांनी पाहिला. तो मात्र भिंतीवर किंवा मेजावर मांडलेला नव्हता. तो अंगावर घालून एक बाई दरबारी मेळाव्यात वावरत होत्या. त्या बाई म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या पत्नी मेरी.

मेरी व्हिक्टोरिया लायटर यांचा जन्म २७ मे १८७० रोजी अमेरिकेत शिकागो येथे झाला. वडील लेव्हाय लायटर हे मार्शल फील्ड यांचे भागीदार. कापडाच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळविला. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मेरी ही कापडवाल्याची मुलगी. १८८१ साली हे कुटुंब वॉशिंग्टनला राहावयास गेले. रूप, शिक्षण आणि संपत्ती या तिन्हींनी मेरी तिथल्या समाजात उठून दिसू लागली. १८९० साली लंडनच्या एका नृत्यसमारंभात तिची जॉर्ज कर्झन यांच्याशी गाठ पडली. वाङ्‌निश्चय १८९३ मध्ये झाला, पण तो दोन वर्षे गुप्त ठेवण्यात आला. कर्झन प्रवासात आणि राजकारणात गढलेले, आणि मेरी वाट पाहत बसलेली. अखेर एप्रिल १८९५ मध्ये वॉशिंग्टन येथे विवाह झाला. कर्झन यांच्याकडे जुने घराणे व मोठी महत्त्वाकांक्षा होती. त्या महत्त्वाकांक्षेला पुरेल एवढा पैसा लायटर यांच्या घरून आला.

जानेवारी १८९९ मध्ये कर्झन व्हाइसरॉय झाले, तेव्हा मेरी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. पदरी दोन लहान मुली. त्याच वर्षी देशावर भयंकर दुष्काळ कोसळला. गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात, आणि बडोदे राज्यातील किती घरे त्याने उठविली हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

हिंदुस्थानात आल्यावर कापडवाल्याच्या या मुलीची नजर कारागिरांच्या हातांवर खिळली. इथल्या विणकरांचे व भरतकाम करणाऱ्यांचे कसब लोप पावत चालले आहे, हे त्यांनी ओळखले. आपले समारंभी पोशाख त्या इथल्याच कापडाचे करवू लागल्या, आणि विलायतेतील बड्या घरांतून इथल्या कारागिरांना मागण्या मिळवून देऊ लागल्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभात राणी अलेक्झांड्रा जो झगा ल्याल्या, त्याचे जरीभरताचे वस्त्र मेरी यांच्याच देखरेखीखाली हिंदुस्थानात तयार झाले होते. सुइणींच्या शिक्षणासाठीही त्यांनी निधी उभारला. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो मोरपंखी झगाच.

एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीस दरबार भरला, आणि ६ जानेवारी १९०३ च्या रात्री लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासमध्ये राजनृत्याचा समारंभ झाला. त्यासाठी हा झगा शिवला गेला. त्या काळच्या विलायती रिवाजाप्रमाणे वरची घट्ट चोळी वेगळी, आणि मागे लांब लोळता घोळ असलेला घागरा वेगळा. प्रथम दिल्लीत किशनचंद यांच्या कारखान्यात झुळझुळीत रेशमी वस्त्राचे पट्टे कारचोबावर ताणून त्यांवर जरदोजीचे भरतकाम झाले. सोन्यारुप्याच्या तारेने एकावर एक येणारी मोरपिसे भरली, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात एका चकचकीत किड्याचे हिरवे-निळे पंख टाके घालून बसविले. नंतर हे पट्टे आगबोटीने पॅरिसला गेले. तेथे वर्थ यांच्या प्रसिद्ध पेढीत ते बेतून जोडले गेले, आणि खालच्या काठाला पांढऱ्या तलम कापडाचे गुलाब लागले. असे दोन खंडांतील हातांनी मिळून ते वस्त्र पुरे केले. वजन भरले सुमारे साडेचार किलो! दुरून पाहणाऱ्यांना वाटे की बाई पाचूंनी मढल्या आहेत.

मोराची निवडही सहज झालेली नव्हती. याच दिवाण-इ-खासमध्ये मोगलांचे मयूरासन होते. नादिरशहाने ते १७३९ मध्ये लुटून नेले. त्या रिकाम्या जागी नव्या राज्यकर्त्याची पत्नी मोरपिसे लेऊन उभी राहिली. पाहणाऱ्या राजेरजवाड्यांना याचा अर्थ कळला नसेल असे नाही. दुष्काळ सरून पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, आणि दरबाराच्या उधळपट्टीवर देशात टीका होत होती. त्याच डिसेंबरात सयाजीराव महाराजांनी अहमदाबादेस औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करून देशी धंद्यांची कैफियत मांडली होती. कारागिराला काम मिळावे ही मेरी यांची कळकळ खरी होती. पण ते काम ज्या थाटासाठी मिळत होते, तो थाट परसत्तेचा होता. या दोन्ही गोष्टी त्या एकाच वस्त्रात भरल्या होत्या.

पुढचे आयुष्य फार उरले नव्हते. १९०४ साली विलायतेत तिसरी मुलगी झाली, आणि त्याच वर्षी दुखण्याने मेरी यांना मरणाच्या दारी नेऊन ठेवले. तरी १९०५ मध्ये त्या पतीच्या सोबतीला पुन्हा हिंदुस्थानात आल्या. त्याच वर्षी सेनापती किचनेर यांच्याशी वाद होऊन कर्झन यांनी राजीनामा दिला आणि दोघे परतली. १८ जुलै १९०६ रोजी लंडन येथे मेरी यांचा अंत झाला. वय अवघे छत्तीस. १९०९ मध्ये चित्रकार विल्यम लॉग्सडेल यांनी त्याच झग्यातील त्यांचे चित्र रंगविले, पण ते पाहावयास त्या नव्हत्या.

बडोद्याचा गालिचा २००९ साली दोहा येथे लिलावात विकला गेला. झगा मात्र कर्झन घराण्याच्या केडलस्टन येथील वाड्यात जतन करून ठेवला आहे. त्याच्यासोबत तीन नावे सांगतात: ल्यालेल्या बाईचे, पॅरिसच्या पेढीचे आणि दिल्लीच्या कारखानदाराचे. ज्यांनी कारचोबापुढे मांडी घालून एकेक पीस भरले, त्यांचे नाव कोणी घेत नाही. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्याला याचे नवल वाटत नाही. मैफल गवयाच्या नावाने ओळखली जाते, सारंगियाच्या नव्हे. सव्वाशे वर्षांत त्या झग्याची जरीची तार काळवंडली आहे. पण दिल्लीच्या त्या कारागिरांनी टाके घालून बसविलेले किड्यांचे पंख अजून तसेच हिरवेगार चमकत आहेत.