आकाशगंगेचा आवाज ऐकणारे कार्ल जान्स्की

आश्विनातील निरभ्र रात्री रोहिणखेडच्या अंगणात बाज टाकून पडले असता आकाशगंगेचा पांढुरका पट्टा कोणी पाहिला नसेल? परंतु हा पट्टा यंत्राच्या साह्याने ऐकताही येतो, हे ज्यांनी प्रथम जगास दाखविले, त्या कार्ल जान्स्की यांचे चरित्र आम्ही आज बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांती झाला. वडील विद्युत्शास्त्राचे अध्यापक होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून ते १९२८ साली बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना तरुणपणीच गाठले होते. तरी त्यांची चिकाटी ढळली नाही.

समुद्रापारच्या बिनतारी संभाषणात खरखर होई. तिचे मूळ शोधण्याचे काम त्यांजकडे आले. त्यांनी होल्मडेल येथे सुमारे १०० फूट लांबीचा सांगाडा फोर्ड मोटारीच्या चार चाकांवर बसविला. तो २० मिनिटांत एक फेरी घेई. जवळच्या व दूरच्या वादळांचा आवाज ओळखू आला. पण एक मंद फूत्कार उरलाच. तो क्षुल्लक म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. दर २३ तास ५६ मिनिटांनी तो परत येई. सूर्य २४ तासांनी माथ्यावर येतो, तारे मात्र ४ मिनिटे आधी. तेव्हा हा आवाज ताऱ्यांच्या प्रदेशातून, धनू राशीकडील आकाशगंगेच्या मध्यातून येतो, असे त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले.

पुढील शोधार्थ त्यांना मोठे यंत्र हवे होते. ते मिळाले नाही, दुसरे काम मिळाले. १४ फेब्रुवारी १९५० रोजी, अवघ्या ४४ व्या वर्षी ते निवर्तले.

ज्या थंड हायड्रोजन वायूचे ढग आकुंचन पावून अखेर तारे जन्मतात, तो वायू साध्या दुर्बिणीस दिसत नाही. त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉनच्या फिरकीची दिशा पालटली म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची लहर निघते, हे हुल्स्ट यांचे १९४४ चे भाकीत होते. ती लहर १९५१ साली सापडली. जान्स्की एका वर्षाने चुकले!

आज आपल्या पुणे जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हीच लहर ऐकतात. तेथील संशोधकांनी २०२० साली ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनही मोजला. रेडिओलहरींची तीव्रता मोजण्याच्या एककास १९७३ पासून 'जान्स्की' हेच नाव आहे.

मुलांनो, सोपविलेले काम मनोभावे करा, आणि त्यात जे उमगत नाही ते टाकून देऊ नका. त्याचे फळ आपल्या हयातीत न दिसले, तरी ते वाया जात नाही.