गुन्पेई योकोई

गुन्पेई योकोई (१० सप्टेंबर, १९४१:क्योतो, जपान - ४ ऑक्टोबर, १९९७:ईशिकावा प्रांत, जपान) हे जपानी अभियंते आणि खेळण्यांचे व व्हिडिओ गेमचे रचनाकार होते. निन्टेंडो या कंपनीत त्यांनी सुमारे ३१ वर्षे काम केले. गेम अँड वॉच ही हातात धरून खेळण्याच्या खेळांची मालिका, खेळयंत्रांवरील अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण आणि गेम बॉय हा छोटेखानी खेळसंगणक ही त्यांची प्रमुख कामे होत. स्वस्त व जुन्या घटकांचा नव्या कामासाठी उपयोग करण्याच्या विचारपद्धतीसाठी ते विशेष ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

योकोई यांचा जन्म क्योतो येथे झाला. त्यांनी त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स विषयात पदवी घेतली. १९६५ मध्ये ते निन्टेंडोत रुजू झाले. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी त्या काळी मुख्यतः हानाफुदा हे पारंपरिक जपानी पत्ते आणि पाश्चात्त्य पद्धतीचे पत्ते बनवीत असे. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे हे योकोई यांचे काम होते.

या कामातून मिळणाऱ्या फावल्या वेळात त्यांनी पकडीसारखा लांब होणारा व मिटणारा एक हात स्वतःच्या करमणुकीसाठी बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो दृष्टीस पडला. कामाच्या वेळेत खेळणे बनवल्याबद्दल बोलणी खाण्याऐवजी योकोई यांना त्याचे विक्रीयोग्य रूप तयार करण्याची सूचना मिळाली. अल्ट्रा हँड या नावाने १९६६ मध्ये बाजारात आलेल्या या खेळण्याचे १० लाखांहून अधिक नग विकले गेले. त्यानंतर योकोई यांची नेमणूक नवी उत्पादने विकसित करण्याच्या कामावर झाली.

खेळण्यांची निर्मिती

१९६९ मध्ये आलेले लव्ह टेस्टर हे खेळणे योकोई यांच्या पद्धतीचे सुरुवातीचे ठळक उदाहरण आहे. दोन व्यक्तींनी एकमेकांचा हात धरून मोकळ्या हातांत यंत्राची एकेक मूठ घेतली की त्यांच्या शरीरातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहानुसार काटा हले आणि तो प्रेमाचे मोजमाप म्हणून दाखवला जाई. विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र जुने व स्वस्त होते. नवे होते ते त्याचे प्रयोजन. प्रकाशावर चालणाऱ्या खेळण्यातील बंदुकांसाठी त्यांनी शार्प कंपनीच्या प्रकाशसंवेदी घटांचा वापर केला. या कामात त्यांच्याबरोबर असलेले मासायुकी उएमुरा पुढे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्राचे रचनाकार झाले.

गेम अँड वॉच

योकोई यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, शिन्कान्सेन या जलदगती रेल्वेने प्रवास करताना त्यांना एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ घालवताना दिसला. मोठ्या माणसांनाही चारचौघांत न संकोचता खेळता येईल असा लहान खेळ बनवण्याची कल्पना त्यांना त्यातून सुचली. पुढे अध्यक्षांचा चालक रजेवर असताना योकोई यांनी त्यांची मोटार चालवली आणि त्या प्रवासात ही कल्पना त्यांच्या कानावर घातली.

त्या काळी कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांमधील तीव्र स्पर्धेमुळे द्रवस्फटिक पडदे (एलसीडी) आणि त्यांना चालवणाऱ्या चिप बऱ्याच स्वस्त झाल्या होत्या. योकोई यांनी शार्पच्या साहाय्याने नेमके हेच घटक वापरले. पडद्यावर आकड्यांच्या तुकड्यांऐवजी माणसे व वस्तू यांच्या ठरावीक आकृत्या छापून त्या क्रमाने दिसतील व नाहीशा होतील अशी योजना केली. खेळ चालू नसताना पडद्यावर वेळ दिसे. मालिकेतील बॉल हा पहिला खेळ २८ एप्रिल १९८० रोजी विक्रीस आला. १९९१ पर्यंत या मालिकेतील सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली.

१९८२ मध्ये डाँकी काँग या खेळाची घडी घालता येणारी दोन पडद्यांची आवृत्ती काढताना मोठी दांडी बसवणे शक्य नव्हते. त्यामुळे योकोई यांनी चार दिशांसाठी अंगठ्याने दाबता येणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे सपाट बटण योजले. पुढल्या वर्षी ते फॅमिकॉमच्या नियंत्रकावर आले आणि नंतर खेळयंत्रांचा जवळजवळ सार्वत्रिक भाग बनले.

याच काळात योकोई यांनी तरुण रचनाकार शिगेरू मियामोतो यांच्या डाँकी काँग (१९८१) या मूळ खेळाच्या निर्मितीवर देखरेख केली. त्यांच्या विभागाने पुढे मेट्रॉइड (१९८६) हा खेळ तयार केला.

गेम बॉय

गेम अँड वॉचच्या प्रत्येक यंत्रात एकच खेळ असे. नवा खेळ हवा तर नवे यंत्र घ्यावे लागे. ही मर्यादा दूर करणारे, कार्ट्रिज बदलून वेगवेगळे खेळ खेळता येतील असे यंत्र योकोई यांच्या विभागाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केले. त्याच्या अंतर्गत रचनेत सातोरू ओकादा यांचा मोठा वाटा होता. ओकादा यांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार योकोई यांचा कल आरंभी अधिक साध्या यंत्राकडे होता. दीर्घकाळ टिकेल आणि इतर कंपन्यांनाही ज्यासाठी खेळ लिहिता येतील अशा यंत्राचा आग्रह ओकादा यांनी धरला.

गेम बॉय हा वस्तुतः एक लहान संगणक होता. त्यात सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ गतीचा, १९७० च्या दशकातील इंटेल ८०८० व झायलॉग झेड८० यांच्याशी साधर्म्य असलेला ८ बिट प्रोसेसर आणि ८ किलोबाइट मुख्य स्मृती होती. पडद्यावर १६० × १४४ बिंदू व चार छटा दिसत. पडद्यामागे प्रकाशाची सोय नव्हती. विकासाच्या शेवटच्या टप्प्यात पडदा तिरपा धरल्यास चित्र दिसत नाही हा दोष समोर आला आणि यामाउची यांनी नापसंती दर्शवल्याने प्रकल्प संकटात सापडला. अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या द्रवस्फटिक पडद्यामुळे ही अडचण दूर झाली.

२१ एप्रिल १९८९ रोजी हे यंत्र जपानमध्ये १२,५०० येन किमतीस विक्रीस आले. अमेरिकेत त्याची किंमत ८९.९५ डॉलर होती. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत व प्रकाशित पडदा होता. मात्र त्याची किंमत १७९.९५ डॉलर होती आणि सहा पेन्सिल सेलवर ते ४ ते ५ तासच चाले. सेगाच्या रंगीत गेम गियरची स्थितीही अशीच होती. गेम बॉय मात्र चार सेलवर १५ तास वा त्याहून अधिक चाले. दोन यंत्रे तारेने जोडून समोरासमोर खेळण्याची सोय आणि अमेरिकेत यंत्रासोबतच दिलेला टेट्रिस हा खेळ यांमुळे त्याचा प्रसार वेगाने झाला. गेम बॉय आणि त्याचा उत्तराधिकारी गेम बॉय कलर यांची एकत्रित विक्री ११ कोटी ८६ लाखांहून अधिक झाली.

विचारपद्धती

योकोई यांच्या रचनातत्त्वाच्या जपानी नावाचा आशय मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या दिशेने विचार असा सांगता येईल. येथे मुरलेले म्हणजे कालबाह्य नव्हे. ज्याचे दोष माहीत झाले आहेत, जे मुबलक मिळते आणि म्हणून स्वस्त पडते, असे तंत्रज्ञान त्यांना अभिप्रेत होते. अशा तंत्रज्ञानाला त्याच्या नेहमीच्या क्षेत्राबाहेर नवे काम देणे हा या तत्त्वाचा दुसरा भाग होय. या दृष्टीने कोणता घटक घालावा याइतकाच कोणता वगळावा हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. गेम बॉयमध्ये रंग वगळल्याने किंमत, वजन आणि विजेचा खर्च हे तिन्ही आटोक्यात राहिले.

व्हर्च्युअल बॉय

१९९५ मध्ये आलेले व्हर्च्युअल बॉय हे यंत्र मात्र अपयशी ठरले. दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवून खोलीचा आभास निर्माण करणाऱ्या या यंत्रात लाल रंगाचे प्रकाशोत्सर्जी डायोड व हलणारे आरसे वापरले होते. लाल डायोड स्वस्त होते व त्यांना वीजही कमी लागे. पण केवळ लाल आणि काळ्या रंगातील चित्र ग्राहकांना रुचले नाही. यंत्र टेबलावर ठेवून त्यात डोळे घालून बसावे लागत असल्याने ते बरोबर नेण्यास सोयीचे नव्हते. डोळे व मान दुखण्याच्या तक्रारीही आल्या. जगभरात सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रे विकली गेल्यावर वर्षभराच्या आतच त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. साध्या घटकांची निवड एकटीने यंत्र यशस्वी करत नाही, हे या प्रसंगातून दिसून आले.

उत्तरायुष्य व मृत्यू

जुलै १९९६ मध्ये गेम बॉय पॉकेट ही लहान व हलकी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिला दोन बारीक सेल पुरत. पुढच्याच महिन्यात योकोई यांनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले असा समज रूढ आहे. मात्र योकोई यांनी स्वतः त्यास दुजोरा दिला नाही. क्योतोमध्ये त्यांनी कोतो ही कंपनी स्थापन केली आणि बंदाई कंपनीसाठी वंडरस्वॉन या नव्या हातातील खेळयंत्राच्या रचनेत भाग घेतला.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी ईशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते.

वारसा

वंडरस्वॉन मार्च १९९९ मध्ये ४,८०० येन किमतीस बाजारात आले. एकाच पेन्सिल सेलवर ते ३० तासांच्या आसपास चाले. त्यासाठी काढलेल्या गुन्पेई या कोडेखेळाला योकोई यांच्या स्मरणार्थ त्यांचेच नाव देण्यात आले. २००३ मध्ये गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांमध्ये त्यांना मरणोत्तर जीवनगौरव देण्यात आला.