वेगळ्या मेजावरील मानकरी : अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल

विद्यालयाच्या स्मरणिकेत चित्रपटातील नटीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. तो अगदीच गैर नाही. परंतु ज्या अभिनेत्रीचे जीवन आम्ही येथे सांगणार आहोत, तिला मिळालेला सन्मान आणि तिला मिळालेली बसण्याची जागा या दोन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच सभागृहात तिच्या वाट्याला आल्या. वेगळी बसण्याची जागा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना, निदान त्यांच्या आजी-आजोबांना, कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हॅटी मॅकडॅनियल यांचा जन्म १० जून १८९३ रोजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा या गावी झाला. वडील हेन्री हे जन्माने गुलाम होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले, त्यात ते उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीयांच्या पलटणीतून लढले व जायबंदी झाले. पुढे आपल्या निवृत्तिवेतनासाठी ते वर्षानुवर्षे सरकारदरबारी अर्ज करीत राहिले. आई सुझन चर्चमध्ये भक्तिगीते गात असत आणि लोकांच्या घरची कामे करीत असत. या दांपत्याला तेरा अपत्ये झाली. त्यांतील काही तान्हेपणीच दगावली. हॅटी सर्वांत धाकट्या. घरात गाणे भरपूर आणि अन्न बेताचे, अशी स्थिती होती.

कुटुंब पुढे कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात आले. तेथील शाळेत कृष्णवर्णीय व गोरी मुले एकत्र शिकत, जरी हॅटींच्या वर्गात कृष्णवर्णीय मुले अगदी मोजकी होती. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या महिलांच्या एका संघटनेने घेतलेल्या काव्यपठणाच्या स्पर्धेत हॅटी उतरल्या आणि सुवर्णपदक घेऊन परतल्या. आमच्या विद्यालयातील वक्तृत्व-स्पर्धांचे चषक ज्यांनी घरी नेले आहेत, त्यांना त्या मुलीच्या मनाची अवस्था कळेल. शिक्षण मात्र पुरे झाले नाही. वडील व थोरला भाऊ ओटिस यांच्या फिरत्या नाट्यमंडळीने त्यांना शाळेतून ओढून नेले.

त्या काळच्या रंगभूमीविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत 'मिन्स्ट्रेल' नावाचा खेळ लोकप्रिय होता. गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची सोंगे आणीत. आळशी, भित्रा, खादाड, सदा हसणारा गुलाम हे त्यांचे ठरलेले पात्र. गुलामगिरी कायद्याने संपली तरी हा खेळ संपला नाही. उलट पोटासाठी कृष्णवर्णीय कलावंतांनाही त्याच साच्यात उतरावे लागले. हॅटींनी आपली बहीण एटा हिच्यासह १९१४ मध्ये केवळ स्त्रियांची अशी एक मंडळी काढली. गोऱ्यांनी रंगविलेल्या एकनिष्ठ दाईचे, म्हणजे 'मॅमी'चे, सोंग त्या रंगमंचावर आणीत. पण ते असे वाढवून, असे उलटवून की प्रेक्षागृहातील कृष्णवर्णीय माणसे खो-खो हसत. त्या हसण्याचा रोख दाईवर नव्हता, तिला तसे पाहणाऱ्यांवर होता. पुढे ज्या पात्राने त्यांना कीर्ती दिली आणि ज्या पात्रामुळे त्यांना बोलणी खावी लागली, त्याच्याशी त्यांची ओळख इतकी जुनी होती.

पहिले पती लग्नानंतर चारच वर्षांत, १९१५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी ओटिसही गेला. हॅटींचे एकूण चार विवाह झाले. त्यांत सुखाचे दिवस थोडे आले, एवढेच सांगून आम्ही पुढे जातो.

१९२० च्या दशकात जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी गावोगाव गायन केले, डेन्व्हरच्या रेडिओवर त्यांचा आवाज ऐकू आला आणि त्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. त्यांतील काही गाणी त्यांनी स्वतःच रचली होती. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, नाट्यमंडळ्या बुडाल्या आणि हॅटी मिलवॉकी शहरात कामावाचून अडकल्या. तेथील एका क्लबात त्यांना काम मिळाले ते स्त्रियांच्या प्रसाधनगृहात येणाऱ्यांच्या हाती रुमाल देण्याचे. क्लबाचा रंगमंच गोऱ्या कलावंतांसाठी राखीव होता. शेवटी मालकाला त्यांना गाऊ द्यावे लागले, आणि एकदा गायल्यावर त्यांना पुन्हा प्रसाधनगृहात धाडणे त्याला परवडणारे नव्हते.

१९३१ मध्ये त्या लॉस एंजेलिस येथे आल्या. भाऊ सॅम व बहीण एटा तेथे आधीपासून होते. सॅमच्या ओळखीने रेडिओवरील एका कार्यक्रमात त्यांना गमतीदार मोलकरणीचे काम मिळाले. कार्यक्रम लोकांना आवडला, पण मोबदला इतका तुटपुंजा होता की रेडिओवर मोलकरीण होऊन झाल्यावर खरोखरीच्या घरी जाऊन भांडी घासावी लागत. चित्रपटांत आरंभी गर्दीतील, समूहगायनातील, नाव न झळकणारी कामे मिळाली. १९३४ मध्ये जॉन फोर्ड यांच्या 'जज प्रीस्ट'मध्ये त्या विल रॉजर्स यांच्यासोबत गायल्या. १९३५ च्या 'अ‍ॅलिस अ‍ॅडम्स'मध्ये पाहुण्यांच्या जेवणाच्या प्रसंगी कंटाळून, पाय ओढत ताटे आणणारी मोलकरीण त्यांनी अशी उभी केली की घरच्यांचा सगळा खोटा थाट तिच्या एका नजरेने उघडा पडतो. १९३६ च्या 'शो बोट'मध्ये त्यांच्यासोबत पॉल रॉबसन होते.

मार्गारेट मिचेल यांच्या 'गॉन विथ द विंड' या कादंबरीवर निर्माते डेव्हिड सेल्झनिक चित्रपट काढणार, ही वार्ता आली तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत व संघटनांत अस्वस्थता पसरली. ते साहजिकच होते. त्या कादंबरीत गुलामांचे मालक शूर व प्रेमळ आहेत आणि गुलाम आपल्या गुलामीत सुखी आहेत. आंदोलन झाले, पत्रे गेली, आणि कृष्णवर्णीयांना हिणवणारा एक अपशब्द पटकथेतून काढून टाकणे सेल्झनिक यांना भाग पडले. मॅमीच्या भूमिकेसाठी अनेकींच्या चाचण्या झाल्या. निवड हॅटींची झाली.

हा चित्रपट आम्ही पाहिला आहे आणि त्याची कथा आम्हास आजही खटकते. तरीही त्यातील एका प्रसंगापुढे आमचा निषेध क्षणभर थांबतो. लहानगी मुलगी घोड्यावरून पडून मेली आहे. बाप तिला पुरू देत नाही, कारण तिला अंधाराची भीती वाटत असे. हे सारे मॅमी मेलनी नावाच्या बाईला सांगत आहे, आणि दोघी एक लांबच लांब जिना चढत आहेत. हॅटी रडतात, थांबतात, पुन्हा पायरी चढतात. त्या वेळी पडद्यावर कोणी दासी नसते. एका घराचे दुःख वाहून थकलेली एक वयस्क स्त्री असते. मेलनीचे काम करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांनाही त्या वर्षी त्याच पारितोषिकासाठी नामांकन होते. एकाच जिन्यावरून चढणाऱ्या या दोघी स्पर्धक होत्या.

चित्रपटाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे मोठ्या थाटात झाला. शहर शृंगारले होते, रस्ते गर्दीने फुलले होते. हॅटी तेथे नव्हत्या. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे गोऱ्यांच्या चित्रपटगृहात त्यांना इतर कलावंतांबरोबर बसता आले नसते. तेथे वाटावयाच्या कार्यक्रमपुस्तिकेतूनही त्यांचे चित्र गाळण्यात आले. नायक क्लार्क गेबल यांनी हॅटींना मज्जाव असेल तर आपणही जाणार नाही असा हट्ट धरला होता आणि हॅटींनीच त्यांची समजूत घातली, असे सांगतात.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात अकादमीचा पारितोषिक-समारंभ भरला. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. सेल्झनिक यांना शब्द टाकून हॅटींसाठी परवानगी मिळवावी लागली. चित्रपटातील इतर मंडळी पुढील मेजांवर एकत्र बसली. हॅटींचे मेज वेगळे, लहान, मागच्या भिंतीशी; त्यावर त्या, त्यांचा एक सोबती आणि त्यांचा व्यवसाय पाहणारा प्रतिनिधी. केसांत पांढरी गार्डेनियाची फुले होती. साहाय्यक अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी फे बेंटर यांनी त्यांचे नाव पुकारले आणि त्या भिंतीपासून रंगमंचापर्यंत चालत गेल्या. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्यांचे भाषण फार थोडक्यात झाले, त्यात आपल्या समाजाचा उल्लेख होता, आणि ते डोळ्यांत पाणी येऊनच संपले. साहाय्यक भूमिकांसाठी त्या काळी पुतळा देत नसत. एक लहानशी पाटी मिळे. ती घेऊन त्या आपल्या मेजाकडे परतल्या. पुढील पन्नास वर्षे दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीय स्त्रीला अभिनयाचे ऑस्कर मिळाले नाही. मिळाले ते हूपी गोल्डबर्ग यांना, १९९० च्या चित्रपटासाठी.

पारितोषिकानंतर भूमिका बदलतील अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. पुन्हा मोलकरीण, पुन्हा दाई. १९४२ च्या 'इन धिस अवर लाइफ'मध्ये एक वेगळा प्रसंग आला. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या निर्दोष मुलावर गोऱ्या मुलीने आळ घेतला आहे, आणि आई शांतपणे सांगते की त्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तेवढ्यापुरते त्यांच्या अभिनयाला विनोदाचे ओझे उचलावे लागले नाही.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट हे हॉलीवूडमध्ये जाऊन निर्मात्यांना भेटले आणि अशा भूमिकांविरुद्ध त्यांनी उघड मोहीम उघडली. हॅटींसारख्या कलावंतांवर त्यांचा ठपका होता की त्या अपमानाचा पगार घेतात. हॅटींना हे फार लागले. त्यांचे उत्तर हिशेबाचे होते : मोलकरणीचे काम पडद्यावर केले नाही तर ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात करावे लागेल, आणि तेथे मजुरी शंभरपटीने कमी असेल. या वादात आम्ही कोणाची बाजू घ्यावी? व्हाइट यांचे म्हणणे खरे होते. पडद्यावरील त्या हसऱ्या दाईने पिढ्यानपिढ्या गोऱ्यांचा विवेक झोपवून ठेवला. पण ज्या संघटनेच्या बैठकीत कलावंतांची पोटे भरण्याची सोय नव्हती, तिने त्यांना आधी विचारावयास हवे होते, असेही आम्हास वाटते. दोन्ही बाजूंनी दुखावलेली माणसे एकाच समाजाची होती, हे अधिक वाईट.

मात्र त्या पगाराचे हॅटींनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९४२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स भागात एक प्रशस्त दुमजली घर घेतले. लोक त्या भागाला 'शुगर हिल' म्हणू लागले होते, कारण ऐपत असलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे येऊन राहत होती. अभिनेत्री लुईस बीव्हर्स व एथेल वॉटर्स याही तेथेच होत्या. काही गोऱ्या रहिवाशांनी या सर्वांविरुद्ध दावा लावला. त्या काळी घरांच्या खरेदीखतांत अशी अट घालण्याची रीत होती की ही मालमत्ता गोऱ्यांखेरीज कोणास विकू नये वा राहू देऊ नये. हॅटींनी आपल्या घरी शनिवारी-शनिवारी शेजाऱ्यांना जमवून लढ्याची तयारी केली. वकील होते लॉरेन मिलर. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी स्वतः त्या वस्तीत जाऊन पाहणी केली आणि दुसऱ्या दिवशी दावा फेटाळला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने सर्वांना दिलेले समान संरक्षण न्यायालयांनी फार काळ टाळले आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. असे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरविले. त्या प्रकरणांतही मिलर हे एक वकील होते. पडद्यावर आयुष्यभर मालकिणीचे दार उघडणाऱ्या या बाईने खऱ्या आयुष्यात स्वतःचे दार असे राखले. पुढे १९६० च्या दशकात त्याच वस्तीच्या मधोमध द्रुतगती महामार्ग काढण्यात आला आणि अनेक घरे गेली. हॅटींचे घर वाचले.

१९४७ पासून त्या 'बेउला' या रेडिओ-मालिकेच्या नायिका झाल्या. पात्र मोलकरणीचेच, पण कृष्णवर्णीयांच्या तोंडी घातली जाणारी मोडकी बोली आपण बोलणार नाही, ही अट त्यांनी करारात घालून घेतली. आठवड्याला हजार डॉलर मिळत. हीच मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी काही भागांत काम केले आणि आजार उघड झाला. तो स्तनांचा कर्करोग होता. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी वुडलँड हिल्स येथील, चित्रपट-व्यवसायातील लोकांसाठी असलेल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

मृत्युपत्रात त्यांनी बारीकसारीक लिहून ठेवले होते. शवपेटी पांढरी असावी, केसांत गार्डेनिया असावा, आणि हॉलीवूडच्या दफनभूमीत जागा मिळावी. ती दफनभूमी गोऱ्यांसाठी होती. तिने नकार दिला. सर्व वर्णांना जागा देणाऱ्या रोझडेल दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ती त्यांचीच दुसरी पसंती होती. पहिली नाकारली जाईल हे त्यांनी बहुधा ओळखले होते. मागे उरलेल्या मालमत्तेपेक्षा कराचे देणे अधिक निघाले. ऑस्करची पाटी त्यांनी वॉशिंग्टन येथील, कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या हॉवर्ड विद्यापीठाला ठेवली होती. काही वर्षे ती तेथे होती. मग ती नाहीशी झाली आणि आजवर सापडलेली नाही.

१९९९ मध्ये हॉलीवूडच्या त्याच दफनभूमीच्या नव्या मालकांनी हॅटींचे अवशेष तेथे हलविण्याची तयारी दाखविली. नातेवाइकांनी ते मानले नाही. तेव्हा तळ्याकाठी त्यांच्या नावाचा स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर ३९ सेंटचे तिकीट काढले. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी अकादमीने हॉवर्ड विद्यापीठात समारंभ करून हरवलेल्या पारितोषिकाच्या जागी नवे पारितोषिक दिले. तीही पाटीच आहे, पुतळा नव्हे. मूळ तसेच होते.