डॉ. मारिया मॉन्टेसरी आणि कपाटाची किल्ली

मॉन्टेसरी हा शब्द आपणा सर्व भगिनींच्या तोंडी असतो. नातवंड शाळेत जाऊ लागले, की तो मॉन्टेसरीत जातो असे आपण सहज सांगतो. पण हे एका बाईंचे आडनाव आहे, हे मंडळाच्या बालमंदिरात मदतीला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते. मी सातवी झालेली. माझ्या लेखात विद्वत्ता शोधू नये. दुपारच्या वेळी वाचून जे मनाला भिडले, तेवढे सांगते.

मारियाबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटली देशातील किआराव्हाले या गावी झाला. मुलीने शिक्षिका व्हावे असे वडिलांना वाटे, पण तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. वडिलांची नाराजी होती, तरी आईने तिची पाठ राखली. १८९६ साली त्यांनी रोम येथे वैद्यकीची पदवी घेतली. त्या काळी इटलीत डॉक्टर बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

पुढे त्यांचा संबंध मंद बुद्धीच्या मुलांशी आला. हाताने करण्याजोगी साधने देऊन त्यांनी या मुलांना शिकवले. त्यांतली काही मुले लिहावाचायला शिकून चांगल्या मुलांच्या बरोबरीने परीक्षेत उतरली. लोकांनी बाईंचे कौतुक केले. बाईंना मात्र निराळीच काळजी लागली. धडधाकट मुले शाळेत जाऊनही यांच्या पुढे का जात नाहीत, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

त्यांच्या स्वतःच्या पदरातही एक दुःख होते. १८९८ साली त्यांना मारिओ हा मुलगा झाला. विवाह झालेला नव्हता. लोकापवादाच्या भयाने मूल परक्या घरी खेड्यात वाढवावे लागले. जगाच्या लेकरांना जवळ घेणाऱ्या या माउलीला स्वतःचे लेकरू कित्येक वर्षे जवळ घेता आले नाही. मोठेपणी मारिओ आईकडे आला आणि तिचा उजवा हात झाला.

रोममध्ये सॅन लोरेन्झो ही गरिबांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले, की मुले जिन्यांवर हुंदडत आणि भिंती खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठी चाळीतच एक खोली देण्यात आली. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे मारियाबाईंचे पहिले बालगृह उघडले. सुमारे पन्नास मुले जमली. सांभाळायला नेमलेल्या बाईजवळ शिक्षिकेची पदवी नव्हती. हे वाचून मला फार धीर आला.

साधने कपाटात कुलपाआड असत. बाई ती काढून देत आणि परत ठेवीत. एके दिवशी कुलूप लावायचे राहिले आणि बाईंनाही यायला उशीर झाला. येऊन पाहतात तो मुलांनी कपाट उघडलेले! कित्येक मुले वस्तू घेऊन कामालाही लागली होती. ही तर चोरीची सवय, असे त्या बाईंना वाटले. मारियाबाईंनी मात्र वेगळेच ओळखले. कोणती वस्तू कशासाठी आहे हे मुलांना नीट कळले आहे, आता त्यांची त्यांना निवडू द्यावी. त्यांनी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे करवली. मुलाने आपले काम निवडावे, हवा तितका वेळ करावे आणि वस्तू जागच्या जागी ठेवावी, असा क्रम सुरू झाला.

अक्षरे शिकवण्याचा बाईंचा विचार नव्हता. पण वस्तीतल्या आयांनी गळ घातली. तेव्हा त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यांवर चिकटवली. मुले अक्षरावरून बोट फिरवीत आणि त्याचा उच्चार करीत. पुढे सुटी अक्षरे जुळवून शब्द मांडू लागली. असे काही महिने गेले. एके दिवशी गच्चीवर बाईंनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडूने धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र झाले, आणि त्याने आपणहून जमिनीवर शब्द लिहिला. मला लिहिता येते म्हणून तो आनंदाने ओरडू लागला. मग एकामागून एक मुले लिहू लागली. घरी दारांवर, भिंतींवर, पावाच्या पाठीवरसुद्धा अक्षरे उमटली. एक मूल तर हातात कागद पेन्सिल घेऊनच झोपी गेले. हे लिहिणे कोणी घोकून घेतलेले नव्हते, म्हणून ते मुलांना आपले वाटले.

त्यांची कीर्ती जगभर पसरली. पण मुसोलिनीच्या राजवटीशी पटले नाही आणि १९३४ साली इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३९ साली त्या मारिओसह मद्रासला अड्यार येथे शिक्षकांचा वर्ग घेण्यासाठी आल्या. दुसऱ्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओला शत्रुदेशाचा म्हणून आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत ठेवले. बाईंना सत्तरावे वर्ष पुरे झाले, त्या वाढदिवशी सरकारने त्यांचा मुलगा त्यांना परत दिला. १९४६ पर्यंत त्या हिंदुस्थानात राहिल्या आणि त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार रुजवला. ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाड येथे महागडी साधने दूर ठेवून खडे, शिंपले, पाने, बिया मुलांच्या हाती दिल्या. तेव्हा पैसा नाही ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.

भगिनींनो, आपल्या बालमंदिराच्या कपाटाची किल्ली माझ्याच कनवटीला असते. चित्रे फाटतील, मणी हरवतील, म्हणून मीच मुलांचे हात मागे सारले आहेत. मागच्या महिन्यात भीतभीत एक दिवस कुलूप काढून ठेवले. चार मणी हरवले, हे कबूल करते. पण एरवी कोपऱ्यात गप्प बसणारी एक मुलगी आपणहून अक्षरांचे पुठ्ठे घेऊन बसली आणि घरी जायची वेळ झाली तरी उठेना. मणी चार आण्यांचेही नव्हते. या वर्धापनदिनापासून ते कुलूप कायमचे काढावे, अशी मंडळाला माझी नम्र विनंती आहे.