ज्ञानाचे द्वार

छत्रपती संभाजीनगर शहरात नागसेनवन या नावाचा एक विस्तीर्ण परिसर आहे. तेथील मिलिंद महाविद्यालयात आजवर हजारो विद्यार्थी शिकून गेले. या महाविद्यालयाचे संस्थापक डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे होत. इतरांसाठी ज्ञानाचे द्वार उघडणाऱ्या या थोर पुरुषास तारुण्यात मात्र, उत्तम विद्या संपादन केलेली असूनही, हाती आलेली नोकरी सोडावी लागली होती.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्म झाल्यामुळे शाळेतही त्यांना अपमान सोसावे लागले. तथापि त्यांची बुद्धी तीव्र होती आणि वाचनाची आवड त्याहूनही दांडगी होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली भीमराव अमेरिकेस गेले व न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. पुढील अध्ययनासाठी ते लंडनला गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी परतावे लागले. करारानुसार आता त्यांनी बडोदे संस्थानची सेवा करावयाची होती.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते बडोद्यास पोहोचले. शहरात त्यांना कोणी राहावयास जागा देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, आपली ओळख झाकून, त्यांनी आश्रय घेतला. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरूनच टाकीत. तेथे पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत होई. सरकारी निवासस्थान मिळावे म्हणून त्यांनी अर्ज केला. परंतु तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला एक जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची आज्ञा त्याने दिली. भीमरावांनी दोघा परिचितांकडे आसरा मागितला. दोघांनीही नकार दिला. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढला. त्या वेळी त्यांचे डोळे अश्रूंनी भरून आले होते.

मुंबईसही त्यांचे दैन्य संपले नाही. त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी एक पेढी काढली; पण तिच्या चालकाची जात कळताच ग्राहक येईनासे झाले. असे एकामागून एक मार्ग खुंटले, तरी त्यांनी हातपाय गाळले नाहीत. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही काही सहकाऱ्यांनी सामाईक भांड्यातील पाणी घेण्यास त्यांना हरकत घेतली. भीमराव मात्र मन लावून शिकवीत राहिले. अल्पावधीत त्यांच्या व्याख्यानांची कीर्ती पसरली व इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही ती ऐकावयास येऊ लागले.

वेतनातील पै-पै त्यांनी राखून ठेवली. अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्याचा त्यांचा निश्चय होता. साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज, एवढ्या आधारावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे अर्धपोटी राहून ते ग्रंथालयात दिवसचे दिवस वाचीत बसत. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी प्रथम फेरफारासाठी परत केला. त्यांनी तो सुधारून पाठविला आणि १९२३ साली डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच काळात ते बॅरिस्टरही झाले.

आपल्यावर ओढवलेला प्रसंग हा केवळ आपला नव्हे, लक्षावधी बांधवांचा आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून स्वतःची उन्नती झाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. राहावयास जागा नसेल तर शिक्षण खुंटते, याचा त्यांना स्वानुभव होता. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. स्वतंत्र भारताचे संविधान तयार करणाऱ्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० रोजी ते संविधान अमलात आले. सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी मिळेल आणि जातीवरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही, असे त्याच्या सोळाव्या अनुच्छेदाने ठरवून दिले.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन दोनच वर्षे होत होती. उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या आणि खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना दूरच्या शहरी जाणे परवडत नव्हते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. निर्भयपणे प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि त्याचे समाधान करणारा विद्वान भिक्षू नागसेन, या दोघांची नावे या विद्यास्थानास लाभली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बडोद्यात ज्यांना डोके टेकावयास जागा मिळाली नाही, त्यांच्या या विद्यालयात सर्व जातिधर्मांची मुले एका बाकावर बसून शिकू लागली.