लाजाळूला सवाल विचारणारे जगदीशचंद्र बोस

लाजाळूच्या पानाला बोट लावलं की ते झटकन मिटतं. उर्दूत आपण तिला छुईमुई म्हणतो. वर्गात हे रोप आणलं की झाडाला कळतं का, असं मुलं आम्हाला विचारतातच. याच सवालामागे जगदीशचंद्र बोस यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली.

त्यांचा जन्म १८५८ साली मैमनसिंगचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी होते. तरी त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता गावच्या बंगाली शाळेत घातलं. तिथं उजव्या हाताला वडिलांच्या मुस्लिम चपराशाचा मुलगा बसायचा, डाव्या हाताला कोळ्याचा. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि माशांच्या गोष्टींमुळेच निसर्गाची ओढ लागली, असं बोस पुढं सांगत. हे दोस्त घरी आले की आई भेदभाव न करता सगळ्यांना जेवू घालायची.

केंब्रिजला शिकून १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार मात्र इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी! बोस यांनी तीन वर्षं पगार घेतलाच नाही, पण शिकवणं एक दिवस सोडलं नाही. शेवटी सरकारला मागच्या बाकीसह पूर्ण पगार द्यावा लागला.

आधी त्यांनी विजेच्या लहरींवर काम केलं, मग झाडांकडे वळले. स्पर्श, उष्णता किंवा विजेचा धक्का बसला की वनस्पतीत विजेचा संकेत उमटतो, हे त्यांनी यंत्रानं नोंदवून दाखवलं. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की हा प्रतिसाद मंदावतो. वाफ जास्त झाली तर झाड मरतं. वाढ मोजायला त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. तो झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवायचा.

इथं थोडं रसायनशास्त्र. कार्बन, हायड्रोजन आणि क्लोरीन ही मूलद्रव्यं. क्लोरीन तर विषारी वायू. पण तिन्ही जुळून क्लोरोफॉर्म हे संयुग बनतं, तेव्हा ते गोडसर वासाचं, गुंगी आणणारं द्रव असतं. संयुगात मूलद्रव्याचा जुना स्वभाव उरत नाही. लाजाळूच्या देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते. स्पर्श होताच तिच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि पान झुकतं. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम. ते अरबी ‘अल-क़ली’वरून आलं आहे.

तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी बोस यांच्यावर शंका घेतली. झाडाला आपल्यासारखं मन आहे, हे यातून सिद्ध होत नाही, हेही खरंच. पण झाडात विजेचे संकेत धावतात, हे आज विज्ञान मानतं.

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात संशोधन संस्था उभारली. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं.

मादरी ज़बानमध्ये शिकलं तर मूल मागं पडेल, ही भीती अनेक पालक आमच्याजवळ बोलून दाखवतात. त्यांना आम्ही बोस यांच्या त्या बंगाली शाळेची आठवण करून देतो.